घण, मुदगल आणि घरातली तालीम

मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना हे दृश्य आता ओळखीचे झाले आहे. गच्चीवर किंवा अंगणात ट्रकचा जुना टायर आडवा टाकलेला असतो आणि एखादा तरुण चार-पाच किलोचा घण डोक्यावरून आणून त्यावर घालत असतो. वीस सेकंद घाव, चाळीस सेकंद दम खायचा, पुन्हा घाव. दहा-बारा मिनिटांत व्यायाम संपतो. २०२०च्या टाळेबंदीत जिमला कुलपे लागली, तेव्हा ज्यांना घरीच काहीतरी करायचे होते त्यांना हा प्रकार सोयीचा वाटला. घण हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, टायर पंक्चरवाल्याकडे पडून असतो, आणि महिन्याची फी कुणाला द्यावी लागत नाही. याला 'फंक्शनल ट्रेनिंग' म्हणतात आणि हे खूळ अमेरिकेतून आले असा सर्वसाधारण समज आहे.

नाव तिकडून आले, हे खरे. पण लांब दांड्याच्या टोकाला वजन ठेवायचे, ते खांद्याभोवती फिरवायचे आणि त्यातून अंग कमवायचे, ही गोष्ट आपल्या तालमींत कित्येक पिढ्या चालत आली आहे. गदा, मुदगल, करेला ही त्याच कुटुंबातली साधने. त्यांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. एकच हालचाल करणारे हात आपल्या समाजात दोन वेगळ्या रांगांत उभे होते. एका रांगेतल्या हातांना खुराक मिळाला, फेटा मिळाला, चांदीची गदा मिळाली. दुसऱ्या रांगेतल्यांना मजुरी मिळाली, आणि तीही कधी कधी बुडाली. घरातल्या व्यायामाबद्दल बोलायचे तर या दोन्ही रांगा पाहायला हव्यात.

तालमीची भाषा

'तालीम' हा शब्द अरबी. 'इल्म' ज्या धातूतून आला त्याच धातूतला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हटले की तांबडी माती, लंगोट आणि घामाचा वास आठवतो. (नाटकवाल्यांची तालीम वेगळी, पण शब्द तोच.) तालमीत शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे फारसीतला उस्ताद. पैलवान, कुस्ती, दंगल, खुराक, जोर हे शब्दही फारसीच्या वाटेने आले आणि मेहनत अरबीच्या. त्यांच्या शेजारी आखाडा, मल्ल, गदा, मुदगल, लंगोट हे शब्द इकडच्या मातीतले. एखादा म्हातारा वस्ताद पोराला ओरडतो तेव्हा दोन्हीकडचे शब्द एका दमात बाहेर पडतात आणि कुठला कुणाचा हे त्याला सांगता यायचे नाही.

लेझीमचे उदाहरण तर फारच बोलके आहे. शिवजयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाच्या ठेक्यावर जी लेझीम खणखणते, तिचे नाव फारसी 'लेझम'वरून आले. लेझम म्हणजे तिरंदाजांचे सरावाचे सैल धनुष्य. पुढे त्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लागली आणि दंड-खांद्यांच्या व्यायामाचे ते साधन बनले. इराणच्या जोरखान्यात आजही साखळीचे जड धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात. तिथे त्याला कब्बादा म्हणतात.

जोरखाना म्हणजे जोराचे घर. मधोमध जमिनीखाली खोल घेतलेली जागा, कडेला उंच बसून ढोल वाजवणारा मुर्शिद, आणि खाली वर्तुळात उभे राहून लाकडी 'मील' फिरवणारे पैलवान. मील म्हणजे आपले मुदगलच, फक्त घडण थोडी निराळी. ढोलाच्या ठेक्यावर हजरत अलींचे नाव घेत मेहनत चालते. २०१० साली युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. कोल्हापुरातल्या पैलवानाला तिथे नेऊन उभे केले तर भाषा कळणार नाही, पण पाचव्या मिनिटाला तो मील उचलेल.

म्हणून कुस्ती इराणहून आली असे कुणी म्हणू लागले, तर त्याने थोडे थांबावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचे प्रकार, त्यांची मेहनत, त्यांचा आहार यांचा तपशील त्यात येतो. दख्खनमध्ये फारसी दरबारी भाषा होण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. आणि इथले सगळे शुद्ध इथलेच होते असे कुणी म्हणू लागले तर त्याला 'ऐन-ए-अकबरी' दाखवावी. अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या पैलवानांची यादी दिली आहे. तिच्यात गीलान, तब्रीझ, बुखारा, तुर्कस्तान इथले मल्ल आहेत, हिलाल नावाचा हबशी आहे, आणि त्याच यादीत साधू दयाल, श्रीराम, कन्हैया, गणेश अशीही नावे आहेत. पगार सगळ्यांना एकाच तिजोरीतून. रोज दोन जोडीचे मल्ल बादशहासमोर लढत. एकमेकांची मनगटे पकडणाऱ्या माणसांनी एकमेकांचे डाव आणि साधने उचलली नसतील तरच नवल.

मुदगल काय करते

इथे थोडे थांबून साधनाचे गणित पाहू, कारण पुढचा इतिहास त्यावर अवलंबून आहे.

पाच किलोचे डंबेल हातात घेतले तर वजन मुठीच्या आत असते. तेच पाच किलो तीन फुटी दांड्याच्या टोकाला लावले तर मनगटावर आणि खांद्यावर पडणारा ताण कितीतरी पट वाढतो. लहानपणी सी-सॉवर बसलेल्या कुणालाही हे कळते. त्यामुळे थोड्या वजनात, थोड्या जागेत आणि थोड्या वेळात पुष्कळ मेहनत होते. घणाच्या छोट्या व्यायामात जे काही तथ्य आहे ते यात आहे.

पण घण आणि मुदगल यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे आणि व्हिडिओवाले तो सांगत नाहीत. घण टायरवर आदळला की त्याचा वेग टायर खातो. पाठ, पोट, दंड, पकड यांनी घण खाली आणायचे काम केले, थांबवायचे काम टायरने केले. मुदगल पाठीमागे सोडले की ते थांबवायचे, वळवायचे आणि पुन्हा वर आणायचे काम माणसालाच करावे लागते. स्नायू भार उचलताना राबतो तसा भाराला आवर घालत हळूहळू खाली सोडतानाही राबतो, आणि अंग भरण्यात या दुसऱ्या कामाचा वाटा मोठा असतो. नुसते टायर बडवून दम वाढतो, पकड पोलादी होते, कंबर-पोट कसले जाते. छाती-दंडाचा आकार हवा असेल तर घण सावकाश फिरवावा लागतो, म्हणजेच त्याचा मुदगल करावा लागतो. जुन्या वस्तादांना स्नायूंचे हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नसेल. पण लोहाराचा घण शेजारीच उपलब्ध असताना त्यांनी पोरांच्या हातात मुदगल दिले, याची नोंद घ्यायला हवी.

जुम्मादादांचा आखाडा

मराठी व्यायामाच्या इतिहासात बडोद्याचे स्थान मोठे आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' तिथूनच काढला. १९३६ साली त्याची सुरुवात झाली. देशी व्यायामावर मराठीत एवढे मोठे काम दुसरे नाही. जुन्या वाचनालयांत त्याचे खंड धूळ खात असतात. सापडले तर जरूर चाळावेत.

त्याच बडोद्यात राजरत्न प्रोफेसर माणिकराव होऊन गेले. सांघिक व्यायाम, म्हणजे शेकडो मुलांनी देशी भाषेतल्या हुकमांवर एकाच वेळी करायची कवायत, हे त्यांचे मोठे काम. लाठी, लेझीम, फरी-गदगा, मल्लखांब अशी सगळी विद्या त्यांच्या आखाड्यात शिकवली जाई. स्वातंत्र्यलढ्यातल्या अनेक तरुणांनी तिथे मेहनत केली. त्या संस्थेचे नाव आहे श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे माणिकरावांचे गुरू, मुस्लिम वस्ताद. शिष्याने आखाड्याला स्वतःचे नाव न देता वस्तादाचे दिले, आणि नावाच्या अलीकडे 'श्री' व पलीकडे 'मंदिर' लागले तरी मधले 'जुम्मा' तसेच राहिले.

आज आपल्या मुलांना माणिकराव ठाऊक नाहीत, जुम्मादादा तर नाहीतच. व्यायामशाळांच्या उद्घाटनात मारुतीच्या तसबिरीला हार घातला जातो, घातला जावाच. पण तालीम ही एका समाजाची मक्तेदारी असल्यासारखी भाषणे होतात तेव्हा बडोद्याच्या त्या पाटीची आठवण येते. उलट आपल्याच मोहल्ल्यांत कुस्ती-मुदगल म्हणजे 'त्यांचा' व्यायाम असे मानणारी पोरे भेटतात. दोघांनीही कोल्हापूरला एक चक्कर मारावी. तिथल्या जुन्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात, आणि पंजाची सेवा करणाऱ्यांत सगळ्या जातींची घरे असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर तर गणपती कोरलेला आहे.

गामा आणि गदा

कोल्हापूरचे नाव निघाले की शाहू महाराज आलेच. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि कुस्तीसाठी तसे गोल मैदान बांधायचे मनात घेतले. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. महाराजांनी जात-धर्म न पाहता पैलवान सांभाळले, पंजाबातून नामांकित मल्ल आणवले. मैदानातल्या सुरुवातीच्या मोठ्या कुस्त्यांत इमामबक्षचे नाव येते. हा इमामबक्ष म्हणजे गामाचा भाऊ.

गामाचे मूळ नाव गुलाम मोहम्मद बक्ष. १९१० साली तो लंडनला गेला तेव्हा त्याची उंची पाहून स्पर्धेत घेईनात. त्याने जाहीर आव्हान दिले, अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला लोळवले आणि मग १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोसमोर उभा राहिला. झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक काळ कुस्ती चालून निकाल लागला नाही. १७ तारखेला पुन्हा लढायचे ठरले, तर झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने एक मिनिटही लागू दिले नाही.

त्याच्या जोर-बैठकांचे जे आकडे सांगितले जातात त्यांत प्रत्येक पिढीने थोडी भर घातली असावी. त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असे नाही. त्याचा खांद्यावर गदा घेतलेला फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने त्याला चांदीची गदा दिली. आजही महाराष्ट्र केसरीला चांदीचीच गदा मिळते. मातीत घाम गाळण्याचे साधन असे सन्मानाचे चिन्ह होऊन बसले.

फाळणीनंतर गामा लाहोरला राहिला. शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. सीमेपलीकडून घनश्यामदास बिर्लांनी त्याला मदत पाठवली असे सांगतात. १९६० मध्ये तो गेला. ज्याला संस्थानिकांनी सांभाळले त्या पैलवानाचे संस्थाने गेल्यावर काय झाले, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण. गामाचे हे हाल, मग इतर शेकडो पैलवानांचे काय झाले असेल?

मुदगल तोवर परदेशी जाऊन आले होते. कंपनीच्या फौजेतल्या इंग्रजांनी इथल्या शिपायांना मुदगल फिरवताना पाहिले आणि ते कवायतीत घेतले. १८३४ साली डोनाल्ड वॉकरच्या लंडनच्या पुस्तकात ते छापले गेले, १८६६ साली सिम किहोने न्यूयॉर्कमध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. 'इंडियन क्लब' या नावाने हलकी, गुळगुळीत, जोडीची मुदगले विलायतेत आणि अमेरिकेत घरोघर गेली. दिवाणखान्यात दहा मिनिटे फिरवायची, बायकांनीही फिरवायची. घरातल्या छोट्या व्यायामाचा बाजार तेव्हापासूनचा आहे. १९०४ आणि १९३२च्या ऑलिम्पिकमध्ये तर त्याची स्पर्धा होती. १९३२ला लॉस एंजेलिसमध्ये सुवर्णपदक जिंकणारा जॉर्ज रॉथ महामंदीत बेकार झालेला होता. पदक घेतले आणि तो रस्त्यावर गाड्यांना हात करत घरी गेला, असे सांगतात.

दुसरी रांग

आता खुद्द घणाकडे येऊ. कारण आतापर्यंत मी गदा-मुदगलांचाच मान सांगितला, आणि घण हे तालमीचे साधन कधीच नव्हते. ते पोटाचे साधन होते.

मुंबई-पुणे प्रवासात खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यांतून जाते. बोरघाटाचा तो चढ १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पंचवीस बोगदे, आणि एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर. कातळात सुरुंग भरायचा तर आधी भोक पाडावे लागे. एकाने पोलादी पहार धरून फिरवत राहायचे, दुसऱ्याने घण घालत राहायचे, दिवसभर. पटकी आणि तापाने हजारो माणसे मेली. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याची सरकारला चौकशी करावी लागली. पुढे ठेका सॉलोमन ट्रेडवेलकडे गेला, तो इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते काम पुढे नेले. तिचे नाव इतिहासात राहिले. घण घालणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

त्या मजुरांच्या आणि तालमीतल्या पैलवानाच्या हालचालीत फरक शोधायला गेलो तर फार सापडत नाही. तोच खांदा, तीच कंबर, तीच पकड. फरक होता तो घाव थांबल्यानंतरच्या वेळेत. पैलवान मेहनत करून मातीत लोळायचा, अंगाला तेल लागायचे, दूध-बदाम-तूप पोटात जायचे, दुपारी झोप मिळायची. स्नायू मेहनतीत झिजतो आणि खाण्या-झोपण्यात भरतो. मजुराला झिजण्याचा अर्धाच भाग मिळाला. म्हणून एकाचे अंग कमावले गेले आणि दुसऱ्याचे मोडले.

क्वचित एखादा या रांगेतून त्या रांगेत गेला. बॉब फिट्झसिमन्स हा इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेला लोहाराचा मुलगा. बापाच्या भट्टीवर घण मारून त्याचे खांदे असे झाले होते की पाय काडीसारखे दिसत. १८९७ साली, जेमतेम पंचाहत्तर किलो वजनाच्या या लोहाराने कॉर्बेटला पाडून मुष्टियुद्धाचे जागतिक हेवीवेट पद जिंकले.

आपल्याकडे या रांगेत सर्वांत पुढे उभी आहे ती बाई. बाजाराच्या गावाला रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबाचे पाल पडते. खळग्यात भट्टी, शेजारी भाता, जमिनीत रोवलेली ऐरण. नवरा सांडशीत लाल झालेला विळा किंवा कुऱ्हाड धरून बसतो, छोट्या हातोडीने कुठे घाव हवा ते दाखवतो, आणि समोर उभी बायको लुगड्याचा पदर खोचून घण घालते. पाठीमागे झोळीत पोर. घाव चुकला तर नवऱ्याचा हात जाईल, म्हणून तो चुकत नाही. जोर, दम आणि नेम या तिन्ही गोष्टी तिच्याइतक्या एका अंगात क्वचित दिसतात. तिला पैलवान कुणी म्हटले नाही. तालमीच्या उंबऱ्याच्या आत तर तिला घेतलेच नसते.

हमीदा बानू

तालमीचा उंबरा एका बाईने ओलांडला होता. मिर्झापूरची हमीदा बानू, अलिगढला राहून तयार झालेली. तिने जाहीर आव्हान दिले होते: मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा. १९५४ साली बडोद्यात तिची कुस्ती छोट्या गामाशी ठरली होती. बाईशी लढणार नाही म्हणून तो ऐनवेळी बाजूला झाला. मग बाबा पैलवान उतरला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत पडला. त्याच वर्षी मुंबईत तिने रशियाच्या वेरा चिस्तिलीनला एका मिनिटाच्या आत चीत केले.

आपल्या भागात तिचे स्वागत कसे झाले, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबरची तिची कुस्ती कुस्ती संघाच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. कोल्हापूरकडे तिने एका पंजाबी पैलवानाला हरवले तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावे लागले. तिच्या कुस्त्यांवरच्या बंदीबद्दल तिने मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. बाई म्हणून बंदी नाही, लुटुपुटूच्या कुस्त्या होतात अशा तक्रारी आहेत, असे उत्तर आले. तिच्या सगळ्या कुस्त्या खऱ्याच होत्या असा दावा मी करणार नाही; त्या काळी पुरुषांच्या कितीतरी दंगली ठरवून होत. दगड मात्र तिलाच पडले.

युरोपला जाऊन लढायचे तिने ठरवले आणि त्यानंतर ती आखाड्यातून नाहीशी झाली. जाऊ नये म्हणून तिच्या वस्तादाने तिला मारहाण केली, हात मोडले, असे पुढे कुटुंबीयांनी सांगितले. नंतरचे आयुष्य तिने कल्याणमध्ये काढले. दुधाचा धंदा केला, घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्यावर विकले. १९८६ मध्ये ती वारली. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते आहे. महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली २०२३ साली, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. या बासष्ट वर्षांत किती मुलींच्या अंगातला जोर भाकरी थापण्यात आणि हंडे वाहण्यात गेला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

घरातल्या व्यायामाकडे मी चेष्टेने पाहत नाही, ते यासाठी. ज्या मुलीला तालमीत जागा नाही, जिमच्या वेळा आणि फी दोन्ही झेपत नाहीत, जिच्या घरी 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न आधी येतो, तिच्यासाठी बंद दाराआडची सहा बाय सहा फूट जागा ही तालीम होऊ शकते. मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात टायर बडवता येत नाही, खालच्या मजल्यावरची खाला काठी घेऊन वर येईल. पण घण न आपटता फिरवता येतो, आणि वर सांगितलेच आहे की अंग भरायला तेच अधिक उपयोगी.

दोन किंवा तीन किलोचा घण सुरुवातीला पुरे, पुरुषांनाही. पहिल्या दिवशी पाच किलो उचलणारे दुसऱ्या आठवड्यात खांदा धरून बसतात. दोन्ही हातांनी दांडा धरून घण एका खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणायचा, छातीसमोर क्षणभर थांबवायचा, मग उलट बाजूने. एका बाजूने जितके फेरे तितकेच दुसऱ्या बाजूने. लोहाराचे एक अंग जास्त भरते ते बाजू न बदलल्याने. दुसरा प्रकार मनगटाचा: दांडा उभा धरायचा, घण सावकाश एका बाजूला कलता करायचा आणि परत उभा आणायचा. यात हात घणाच्या जितका जवळ तितके सोपे, जितका लांब तितके अवघड, त्यामुळे वजन न बदलता महिनोन्महिने चढत जाता येते. त्याला बैठकांची आणि जोरांची जोड द्यावी. दहा मिनिटे, एक दिवसाआड. रोजच्या रोज करू नये, मधला दिवस अंग भरण्याचा असतो. आणि ताटात डाळ, अंडी, दूध, चणे यांतले काहीतरी वाढवावे, नाहीतर बोरघाटच्या मजुरासारखी नुसती झीज होईल.

अंगणवाल्यांनी टायर खुशाल वापरावा, पण पाय घावाच्या रेषेत ठेवू नयेत आणि टायरवरून घण उसळतो तेव्हा दांडा सैल सोडू नये. सुरू करण्याआधी दर वेळी घणाचे डोके हलवून पाहावे. दांडा वाळून सैल झाला असेल तर पाचर ठोकून घ्यावी, किंवा डोक्याकडची बाजू रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी; लाकूड फुगते आणि पकड घट्ट होते. ते तात्पुरते असते. नवा दांडा बसवायचा झाला तर बाजाराच्या दिवशी घिसाड्यांचे पाल गाठावे. दांडा किती लांब हवा ते बाई घण हातात घेऊन, एकदा फिरवून सांगते.